स्वभावाला औषध नाही, आजाराला आहे

मालवणच्या धक्क्यावर, दांडीच्या वाळूत नाही तर आचऱ्याच्या तिठ्यावर एखाद्या घराविषयी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘तेचो सभावच तसो, तेका कोण काय करतलो?’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माणूस आहे तसा घ्यावा, गावात सगळ्या तऱ्हेची माणसं असायचीच, असा त्यात समजूतदारपणा असतो. मग कोणीतरी म्हण जोडतं, स्वभावाला औषध नाही, आणि बोलणं सुरमईच्या दराकडे वळतं.

म्हण तापट माणसासाठी ठीक आहे. चिकट, भांडखोर, हेकट माणसासाठीही ठीक आहे. पण ज्याच्याविषयी ती वापरली गेली तो जर तीन आठवडे जवळजवळ झोपेवाचून, थकवा न जाणवता फिरत असेल, घरातलं सोनं गहाण टाकून एका दमात चार धंदे मांडत असेल आणि पुढे चार महिने खोलीबाहेर पाऊल टाकत नसेल, तर ती म्हण तिथे खोटी ठरते. नुसती खोटी नाही, ती जीव घेऊ शकते. कारण हे चित्र बायपोलर डिसऑर्डरचं, द्विध्रुवीय मनोविकाराचं आहे आणि त्याला औषध आहे. ते काल-परवा निघालेलं नाही, १९४९ पासून जगाला ठाऊक आहे. या आजारात आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा वीस ते तीस पटींनी जास्त असतो. अशा माणसाच्या बाबतीत ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणं म्हणजे त्याच्या घरच्यांना दवाखान्याच्या दारातून परत फिरवणं.

एक घर डोळ्यांसमोर आणू. ते कुणा एकाचं नाही. वैद्यकीय पुस्तकात एकाखाली एक छापलेली लक्षणं किनाऱ्यावरच्या घरात उतरली तर कशी दिसतील, तेवढंच इथे मांडलं आहे. पस्तिशीचा माणूस, स्वतःची छोटी होडी, दोन खलाशी. नारळी पौर्णिमा झाली, हंगाम लागला. गणपतीच्या आसपास त्याची झोप कमी झाली. रात्री दोन वाजता तो पडवीत दिवा लावून जाळं दुरुस्त करतोय. पहाटे चारला बायकोला हाक मारून उठवतोय, कारण त्याला काहीतरी सुचलंय. दिवसभर बोलतोय, एका विषयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून भलत्याच. मागच्या परड्यात पर्यटकांसाठी चार खोल्या, स्कुबासाठी बोट, मोठं इंजिन, मुंबईला थेट मासळी न्यायला गाडी. पतपेढीत कर्जाचा अर्ज गेला, बायकोच्या बांगड्या गेल्या, देवळाला ऐपतीबाहेरची देणगी जाहीर झाली. कोणी ‘जरा दमान’ म्हटलं की तो अंगावर धावून जातो. वीस वर्षांच्या दोस्ताशी वाडीत सगळ्यांदेखत भांडला. गाव सुरुवातीला म्हणतं, ‘झील हुशार झालो.’ मग म्हणतं, ‘माजलो.’

दिवाळी सरते. देवदिवाळीच्या सुमारास तोच माणूस भिंतीकडे तोंड करून निजलेला. अंघोळ नाही, दाढी नाही, जेवणाचं ताट तसंच. होडी वाळूत ओढून ठेवलेली, खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर गेलेले. कर्जाचा हप्ता दारात. ज्या दोस्ताला शिव्या दिल्या त्याच्या समोर जायची लाज. आपण नसतो तर या घराचं भलं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटतं. गाव आता म्हणतं, ‘आळशी झालो.’

तीन विशेषणं झाली आणि तिन्ही स्वभावाची. माणूस एकच आहे, आणि त्याचा खरा स्वभाव यांतल्या एकाही विशेषणात नाही. तो कदाचित मुळात शांत, हिशेबी, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा असेल.

आजार आणि स्वभाव वेगळे कसे करायचे याचं उत्तर गावाबाहेर शोधायला नको. त्या घरातल्या आईला, बायकोला, धाकट्या भावाला फक्त विचारावं, हे कधीपासून? ते लगेच सांगतात. ‘गणपतीपर्यंत बरो होतो.’ किंवा ‘शिमग्यापासना निजाक नाय.’ तापट माणसाचा तापटपणा कधी सुरू झाला हे कोणाला सांगता येत नाही, तो जन्माचाच असतो. इथे तर घरचे लोक सणवाराच्या खुणेने आठवडा सांगतात. म्हणजे त्यांना ठाऊक आहे की हे काहीतरी आलेलं आहे, मुळातलं नाही. तोंडाने स्वभाव म्हणणाऱ्या गावाच्या मनात आजाराची नोंद आधीच झालेली असते.

मानसोपचारतज्ज्ञही हाच काळ मोजतात. चढलेली अवस्था, म्हणजे उन्माद, निदान आठवडाभर टिकलेली असावी लागते; सौम्य उन्माद असेल तर चार दिवस; उदासीनतेची अवस्था दोन आठवडे. सकाळी हसणारा आणि संध्याकाळी चिडणारा माणूस बायपोलर नसतो. शिकलेल्या घरांतली मुलं हल्ली सहज म्हणतात, ‘मी जरा बायपोलरच आहे.’ त्यात गंमत वाटत असली तरी त्याने खऱ्या रुग्णाचं नुकसान होतं, कारण त्याचा आजारही मग लहरीपणाच्या खात्यात जमा होतो. गावातला स्वभाव आणि शहरातला मूड, दोन्ही शब्द एकच काम करतात.

आणखी एक समजूत खोडायला हवी. बायपोलर म्हणजे झोपाळा, जेवढा वर तेवढा खाली, असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. अमेरिकेत १४६ रुग्णांना सरासरी बारा-तेरा वर्षं, आठवड्या-आठवड्याच्या हिशेबाने पाहिलं गेलं. २००२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास निम्मे आठवडे त्या माणसांना काही ना काही त्रास होता, आणि त्यातला मोठा भाग उदासीनतेचा होता. खाली असण्याचे आठवडे वर असण्याच्या आठवड्यांच्या तिप्पट-चौपट. गावाला आठवतात ते गाजलेले तीन आठवडे. खोलीतले चार महिने कोणी मोजत नाही.

त्यातून निदानही चुकतं. उदास माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा मागच्या गणपतीतली झोप उडाल्याची गोष्ट सांगत नाही, कारण तो काळ त्याला आजाराचा वाटतच नाही, आयुष्यातला चांगला काळ वाटतो. डॉक्टरही घाईत असेल तर साधं नैराश्य समजून त्यावरच्या गोळ्या देतो, आणि बायपोलरमध्ये नुसत्या त्या गोळ्यांनी माणूस पुन्हा वर उसळू शकतो. म्हणून सोबत घरचं माणूस हवं आणि त्याने ते तीन आठवडे सांगायला हवेत. पहिली लक्षणं बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात दिसतात आणि नीट उपचार सुरू व्हायला सरासरी सहा वर्षांच्या आसपास जातात, असं जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. कॉलेज, नोकरी, लग्न, पहिलं मूल, सगळं याच सहा वर्षांत येतं.

सिंधुदुर्गात असे किती असतील? २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात आणि २०१७ सालच्या देशव्यापी अंदाजात, ज्यात भारतात ७६ लाख लोकांना हा आजार असल्याचं धरलं गेलं, प्रमाण हजारी पाच-सहा असं येतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. ही मोजणी नाही, साधा गुणाकार आहे, पण तो सव्वाचार ते पाच हजार माणसं सांगतो. त्याच सर्वेक्षणात बायपोलरच्या दर दहांपैकी सात रुग्णांना उपचार मिळत नव्हते. तेच प्रमाण इथे धरलं तर जिल्ह्यात तीन हजारांवर माणसं ‘सभावच तसो’ या वाक्याखाली जगत असणार.

औषध आहे, या विधानाची हकीकत सांगायलाच हवी. जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचा युद्धकैदी होता. सुटून परतल्यावर मेलबर्नजवळच्या एका साध्या रुग्णालयात त्याने लिथियम या क्षाराचे प्रयोग केले, आधी गिनिपिगवर, मग स्वतःवर, मग रुग्णांवर. उन्मादाच्या दहा रुग्णांवर त्याने ते वापरलं. त्यांतला पहिला एक्कावन्न वर्षांचा होता, केडने त्याची फक्त आद्याक्षरं छापली. पाच वर्षं तो सतत उन्मादात होता, वॉर्डातला सगळ्यांत त्रासदायक रोगी. त्याचा स्वभाव बदलेल अशी आशा कोणाला नव्हती. १९४८ च्या मार्चमध्ये लिथियम सुरू झालं आणि जुलैत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला.

गोष्ट इथे थांबली असती तर छान झालं असतं. बरं वाटू लागल्यावर त्याने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांत तो पुन्हा वॉर्डात आला. पुन्हा औषध, पुन्हा सुधारणा, पुन्हा बिघाड. १९५० मध्ये तो गेला तो लिथियमच्या विषबाधेने, कारण रक्तातलं लिथियम मोजायची रीत तेव्हा बसलेली नव्हती.

या एका माणसात आजच्या वादाचे सगळे मुद्दे आहेत. औषध लागू पडतं. सोडलं की आजार परततो. मापाशिवाय घेतलं तर जीव जातो. जे म्हणतात औषधाने काही होत नाही, त्यांना पहिली गोष्ट खोडून दाखवावी लागेल; जे म्हणतात गोळी लिहून दिली की काम झालं, त्यांनी तिसरी पुन्हा वाचावी.

‘गोळये किती दिवस खातलंस? बरो झालंस मां आता?’ हा प्रश्न मावशी विचारते, शेजारी विचारतो, मुंबईहून आलेला चाकरमानी भाऊ विचारतो. तो मायेपोटी असतो आणि त्याइतका महाग प्रश्न दुसरा नाही. मधुमेहाच्या माणसाला कोणी असं विचारत नाही. साखर काबूत आली ती गोळीमुळे, हे घराघरांत समजलेलं आहे. के रेडफिल्ड जेमिसन या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ, याच आजाराच्या जगन्मान्य अभ्यासक आणि स्वतः रुग्ण. १९९५ साली त्यांनी आत्मकथन लिहिलं आणि त्यात उघड सांगितलं की सगळं ठाऊक असूनही आपण लिथियम पुन्हा पुन्हा सोडत राहिलो, आणि एकदा जीव द्यायचा प्रयत्नही झाला. एवढ्या विद्वान बाईला जे जमायला वर्षं लागली ते देवबागच्या पोराने एकट्याने, मावशीच्या प्रश्नाला उत्तर देत देत जमवावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

गोळ्यांविरुद्धचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मानलाच पाहिजे. हात थरथरतात, तहान लागते, वजन वाढतं, काहींना आपण बोथट झालो असं वाटतं. दीर्घकाळ घेतल्यास थायरॉइड आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. ज्यांना हा त्रास होतो त्यांना ‘सहन कर’ म्हणणारा डॉक्टर चुकतो. मात्रा कमी करता येते, दुसरं औषध देता येतं. पण हा निर्णय तपासण्या बघून व्हावा, चुलीपाशी होऊ नये.

आणि तपासणी म्हणजे काय, हे मालवणच्या किनाऱ्यावर जरा जवळून पाहण्यासारखं आहे. लिथियम कार्बोनेटची ३०० मिलिग्रॅमची गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रक्तात ते लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल या पट्ट्यात असावं लागतं. दीडच्या वर गेलं की विषबाधा सुरू होते. एवढी अरुंद पट्टी फार थोड्या औषधांची असते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. सुरुवातीला आठवड्याने, बस्तान बसलं की तीन ते सहा महिन्यांनी. त्याबरोबर क्रिएटिनीन आणि थायरॉइड.

आता यात समुद्र आणि ऊन घाला. मूत्रपिंड मिठाला आणि लिथियमला जवळजवळ एकाच तऱ्हेने वागवतं. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की ते मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर रापण ओढणारा माणूस घामाने निथळतो, पाणी कमी पितो, आणि गोळ्या नेहमीएवढ्याच घेऊनही त्याच्या रक्तातली पातळी वर सरकते. जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच. संध्याकाळी कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणली तर आणखी वर. कोणी रक्तदाबासाठी मीठ बंद करायला सांगितलं, तर पुन्हा वर. १९४९ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच घडलं होतं. मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं गेलं आणि माणसं दगावली. त्या धसक्याने तिथे हे औषध उन्मादासाठी मंजूर व्हायला १९७० साल उजाडलं.

पातळी वाढलेल्या माणसाचं काय होतं? हात जोरात कापू लागतात, पाय लटपटतात, जीभ जड होते, उलटी होते, बोलणं असंबद्ध होतं. धक्क्यावर असा माणूस दिसला की लोक काय समजतील हे सांगायला नको. दारू प्यायलाय म्हणून त्याला सावलीत निजवून ठेवतील. खरं तर त्याला त्या तासाला रुग्णालयात न्यायला हवं. ही माहिती रुग्णाला, घरच्यांना, खलाशांना आणि औषधाच्या दुकानदाराला असायला हवी. लिथियम वाईट आहे असा याचा अर्थ काढणाऱ्याने केडचा वॉर्ड आठवावा. आत्महत्येचं प्रमाण कमी करणारं म्हणून ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे असं या आजारातलं औषध लिथियमच आहे. अर्थ एवढाच की डॉक्टरने ‘तू काय काम करतोस, उन्हात किती असतोस’ हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये.

‘हे शहरी रोग. इथे समुद्राची हवा आहे, अंगमेहनत आहे, आमच्या आज्यांना कुठे होतं?’ हेही सन्माननीय लोक बोलतात. आज्यांना होतं. त्यांच्याविषयी घरात कोणी बोललं नाही, एवढाच फरक. आणि किनाऱ्यावरचं जगणं या आजारापासून आपोआप वाचवत नाही, कारण आजाराची सगळ्यात नाजूक नस झोप आहे. उन्मादाच्या आधी झोप जाते आणि झोप मोडल्याने उन्माद ओढवतो, अशी ती दोन्हीकडून बांधलेली आहे. रात्रीच्या मासेमारीत झोपेची वेळ भरती-ओहोटीवर आणि मासळीवर ठरते. गणपतीत रात्र-रात्र भजनं चालतात. कार्तिकापासून जत्रा लागल्या की दशावतार मध्यरात्रीच्या पुढे रंगतो आणि उजाडताना दहीकाला होतो. दशावतार ही या मुलखाची शान आहे, तो कोणी बंद करा म्हणत नाही. पण ज्याला हा आजार आहे त्याने जत्रा पाहावी आणि मध्यरात्रीच्या आत घरी येऊन निजावं, आणि मंडळींनी ‘बस रे, अजून राजा येवचो आसा’ म्हणत त्याला धरून ठेवू नये. तांडेलाने अशा खलाशाला दिवसाची पाळी द्यावी. ठरलेल्या वेळी निजणं, उठणं, जेवणं यालाच उपचाराचा भाग मानणारी पद्धत परदेशात अभ्यासून सिद्ध झालेली आहे. तिला पैसे लागत नाहीत.

घराण्याचा मुद्दा अवघड आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘बॅरिस्टर’ नाटकात घराण्यात वेड आहे या धास्तीत जगणारा माणूस उभा केला. ज्यांनी ते पाहिलं त्यांना ती धास्ती विसरता आलेली नाही, इतकी ती कोकणातल्या वाड्यांत खोल रुतलेली होती. आजाराचा अनुवंशाशी दाट संबंध आहे, हे शास्त्रही सांगतं. पण आकडा बघा. आई किंवा बाप यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. म्हणजे दहांपैकी नऊ मुलांना होत नाही. दळवींच्या बॅरिस्टरला हा आकडा कोणी सांगितला नव्हता. आजच्या मुलीला तो सांगता येतो, आणि स्थळ मोडणाऱ्यांनाही.

लग्नाबद्दलचा सल्ला मात्र उलट्या टोकाला जातो. ‘लगीन केल्यार सुदारतलो.’ आजार लपवून मुलगी करून आणायची आणि मग तिने दोन वर्षांत काय ते समजून घ्यायचं. यात आधी नुकसान त्या मुलीचं होतं. आजार मुलीला असेल तर धोका वेगळा आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजाराच्या बायकांसाठी फार जोखमीचे, आणि तेव्हा जे होतं त्याला बाळंतवात म्हणून धुरी दिली जाते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे याच आजारातलं एक औषध गरोदरपणात घेतलं तर दर दहांत जवळजवळ एका बाळाला व्यंग येऊ शकतं. लग्नाआधी नुसतं उघड बोलणं झालं तर औषध वेळेत बदलता येतं. लपवाछपवीत ते राहून जातं.

आता ‘भायरचा’, म्हणजे भुताखेताची बाधा. इथे शब्द जपून वापरायला हवेत, कारण गाऱ्हाणं घालणं ही इथल्या माणसाची जगण्याची रीत आहे आणि रवळनाथापुढे उभं राहून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणणाऱ्या आईची कोणी थट्टा करू नये. गाऱ्हाण्याने आजार होत नाही आणि वाढतही नाही. वाढतो तो कौल लावण्यात, एका घाड्याकडून, म्हणजे मांत्रिकाकडून, दुसऱ्याकडे जाण्यात गेलेल्या महिन्यांनी. आणि जिथे बांधणं, मारणं, मिरचीची धुरी सुरू होते तिथे हा प्रश्न श्रद्धेचा उरत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं गुन्हा ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ ने मनोरुग्णाला कोणत्याही तऱ्हेने साखळीने बांधायला बंदी घातली. त्यामागे तमिळनाडूतल्या एरवाडीची ६ ऑगस्ट २००१ ची आग आहे. साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं तिथे पळू न शकल्याने गेली.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात वेगळी वाट काढली गेली. दर्ग्याच्या मुजावरांनाच आजाराची लक्षणं शिकवली आणि आवारातच मानसोपचार सुरू केला. दुआ चालू राहते, दवाही मिळते. इथल्या गावऱ्हाटीला, म्हणजे देवळाभोवती चालणाऱ्या गावकारभाराला, हे अशक्य का असावं? देवाचा कौल मिळाला की माणूस निश्चिंत मनाने गोळी घेईल, आणि ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे त्या गावकराने ‘आधी डॉक्टर’ म्हटलं तर ते शंभर पत्रकांपेक्षा जास्त काम करील.

पण डॉक्टर कुठे? स्वभाव म्हणून सोडून देणाऱ्या गावाला दोष देताना इथे थांबावं लागतं. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला, मालवणपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बाकी वर्षानुवर्षं लोकांची वाट बांबोळीची, म्हणजे गोव्यातल्या सरकारी रुग्णालयाची, आणि तिथेही जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना पैसे लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात केवढी ओरड झाली ते सगळ्यांना आठवत असेल. ज्याला दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचंय, त्याचा प्रत्येक वेळी एक दिवस आणि एका दिवसाची मासळी जाते. सोबत येणाऱ्याची मजुरी वेगळी. लिथियमची पातळी तालुक्याच्या रुग्णालयात मोजली जावी, निदान रक्त तिथे घेऊन ओरोसला पाठवावं, ही मागणी मोठी नाही. ती अजून कोणत्या सभेत कोणी केलेली ऐकू येत नाही, रस्ते आणि बंदर यांच्यासाठी मात्र मोर्चे निघतात.

तज्ज्ञ थोडेच असणार, हेही खरं. पण शेजारच्या गोव्यात संगथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना आधार दिला आणि सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला. २०१० साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. बायपोलरचं निदान डॉक्टरनेच करावं लागतं, पण गोळ्या चालू आहेत का, झोप किती, रक्त दिलं का, हे विचारायला आशाताई पुरते. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. तो प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर असायला हवा.

जेरी पिंटो या माहीमच्या गोवेकर लेखकाने २०१२ साली ‘एम अँड द बिग हूम’ ही कादंबरी लिहिली, स्वतःच्या आईच्या आजारातून. शांता गोखले यांनी ती मराठीत आणली आहे. लहानशा घरात बायपोलर आईबरोबर वाढलेला मुलगा तिला आई म्हणूनही ओळखतो आणि तिचा आजारही ओळखतो, आणि दोन्ही एक होऊ देत नाही. ती विनोदी आहे, फटकळ आहे, हुशार आहे. हा तिचा स्वभाव. बाकीचं तिच्यावर आलेलं. किनाऱ्यावरच्या घरांनाही हा फरक करता येतो, फक्त त्यासाठी घरात तो बोलला गेला पाहिजे.

माणूस बरा असतानाच पुढची बोलणी करून ठेवावी. २०१७ च्या कायद्याने त्याला आगाऊ निर्देश लिहायचा हक्क दिला आहे: पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, माझ्या वतीने कोणी बोलावं. पैशाची बोलणीही घरातल्या घरात त्याच वेळी व्हावीत. झोप उडाली की पासबुक आणि एटीएम कार्ड बायकोकडे जाईल, पतपेढीच्या कागदावर दुसऱ्याच्या सहीशिवाय सही करणार नाही. हे त्याने स्वतः ठरवलेलं असलं की त्या वेळी राग आला तरी नंतर अपमान वाटत नाही.

आणि भिंतीवर कॅलेंडर तर असतंच. कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगावकर याच मालवणचे. त्या पानांवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, गॅस कधी आला ते लिहिलं जातं. त्याच चौकोनात रोज एक आकडा लिहायचा, काल रात्री किती तास झोप झाली. सात, साडेसहा, सात. रक्त द्यायच्या तारखेभोवती गोल. मेमध्ये गोलाला लागून अजून एक खूण, पाणी जास्त प्यायची. सलग दोन चौकोनांत तीन-तीन आले की तिसऱ्या दिवशी होडी पाण्यात जात नाही. नवरा-बायको सकाळची गोळी न घेता, कॅलेंडरचं पान पिशवीत घालून ओरोसची एसटी पकडतात.